काडीचा फोन

हरिहर मुळ्ये फसले ते एका शब्दापायी, आणि तो शब्द रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पेटी.

मुळ्यांचं दुकान रामआळीत. वडिलांनी, म्हणजे भाऊ मुळ्यांनी, थाटलेलं घड्याळांचं दुकान. दोन हजार आठ साल उजाडेपर्यंत लोक वेळ मोबाईलमध्ये बघायला लागले होते आणि दुकानातल्या सगळ्या घड्याळांत वेगवेगळी वेळ असली तरी धंद्याचे मात्र बारा वाजले होते. म्हणून मुळ्यांनी एका बाजूच्या कपाटात साधे मोबाईल ठेवायला सुरुवात केली. तेवढ्यावर थांबते तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण ऑगस्टात मुंबईहून विनीत नावाचा एक तरुण आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो लटकलेला, आणि तोंडात सारखं 'सर'. तो एका मोबाईल कंपनीचा माणूस होता. त्याने मुळ्यांना स्मार्टफोन दाखवला, पुढचा जमाना याचाच आहे असं सांगितलं आणि मग हळूच म्हणाला, "सर, सुरुवातीला फक्त एक पेटी घ्या."

मुळ्यांना हे लागलं. ज्या माणसाच्या घरातून दरवर्षी नातेवाइकांनाच हापूसच्या वीस पेट्या जातात, त्याची पत कंपनीने एका पेटीची ठरवावी? त्यांनी चष्मा न लावताच कागदावर सही केली आणि म्हणाले, "एकच? बरं. तुमचा आग्रह असेल तर एक."

पंधरा दिवसांनी माल आला. खोकं अर्ध्या पेटीएवढंही नव्हतं, पण सोबतचं बिल एक लाखाचं होतं. मुळ्यांनी विनीतला फोन लावला. विनीतने अत्यंत अदबीने सांगितलं की मुंबईत पेटी म्हणजे एक लाख, सगळे तसंच बोलतात. मुळ्ये म्हणाले की रत्नागिरीत पेटी म्हणजे पाच डझन. त्यावर विनीत म्हणाला, "सर, डझनाचाच हिशेब आहे. एक डझन आहेत."

माल परत पाठवता आला नसता असं नाही. पण तोवर दुकानावर 'अधिकृत विक्रेते' अशी पाटी लागली होती, सत्यनारायण झाला होता आणि रामआळीत पेढे वाटून झाले होते. पाटी उतरवता येते, पण वाटलेले पेढे कुणाच्या पोटातून परत मागणार? शेजारचे बाळा शेट्ये तर दोन पेढे जास्तच घेऊन गेले होते. भांड्यांचे व्यापारी असलेल्या या गृहस्थांना सल्ला देणं हा मूळ धंदा वाटे आणि भांडी हा जोडधंदा.

तर लाख रुपये आणायचे कुठून? घरात एकच लाख होता, आणि तो मुळ्यांचा नव्हता. वासंतीबाईंच्या माहेरची गुहागरला सुपारीची बाग होती. ती विकली तेव्हा भावांनी न मागता बहिणीचा वाटा दिला. (अशा भावांबद्दल गुहागरात अजून कुतूहलाने बोललं जातं.) ते पैसे नवरा-बायको दोघांच्या नावावर ठेव म्हणून बँकेत होते आणि त्यांचं काय करायचं हे वासंतीबाईंनी केव्हाच ठरवलं होतं. महिला मंडळाबरोबर त्या मार्गशीर्षात सिमल्याला जाणार होत्या आणि उरलेल्या पैशांत परसात विंधणविहीर पाडणार होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास कोल्हापूरपर्यंतचा. मुळ्यांनी घसा खाकरून विषय काढला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर सही केली आणि एवढंच म्हणाल्या, "धनत्रयोदशीच्या आत परत ठेवा. सहलीचे पैसे तेव्हा भरायचेत. मला एकदा बर्फ बघायचाय, फ्रीजच्या बाहेरचा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मुळ्यांना भांडणाची सवय होती, विश्वासाची नव्हती. आणि दुसऱ्याच दिवसापासून वासंतीबाई दुपारी पंख्याखाली घाम पुसत पुसत लोकरीचा स्वेटर विणायला बसल्या. रत्नागिरीत भाद्रपदातल्या उकाड्यात लोकरीचे गुंडे बघूनच माणसाला गुदमरतं. मुळ्यांना तर जेवताना घास उतरेना.

आता फोनबद्दल. फोन तसा वाईट नव्हता. मोठा पडदा, त्यावर बोट टेकलं की चित्रं हलत. पण बोटाला तो नेहमीच दाद देई असं नाही, म्हणून त्याच्या पाठीत एक बारीक काडी खोचलेली असे. त्या काडीने टोचलं की तो ऐके. कंपनीने त्या काडीला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. रत्नागिरीने ते ऐकलं आणि आठ दिवसांत त्या फोनचं नाव 'काडीचा फोन' पडलं. मराठीत एखाद्या वस्तूला काडीची म्हटलं की पुढे 'किंमत नाही' हे शब्द बोलावेच लागत नाहीत. जाणारा-येणारा काचेतून डोकावून म्हणे, "हाच का तो काडीचा?" आणि खो खो हसत पुढे जाई.

त्यात आत्माराम. हा भाऊ मुळ्यांच्या वेळेपासूनचा नोकर. हरिहर अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून तो त्याच स्टुलावर बसत आलेला. भाऊंनी त्याला धंद्याचा एकच नियम शिकवला होता: गिऱ्हाइकाला आधी खोट सांगायची, मग किंमत. घड्याळांच्या काळात हा नियम चालून गेला, कारण घड्याळाची खोट एकच, ते पुढे तरी जाई किंवा मागे तरी. स्मार्टफोनमध्ये आत्मारामला भरपूर वाव मिळाला. गिऱ्हाईक समोर आलं की तो फोन हातात धरून सावकाश सुरुवात करी. याला काडी आहे, ती हरवते. हरवली की नखाने टोचत बसावं लागतं. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते, तीही कुणाशी बोलला नाहीत तर. हातातून पडला तर पुन्हा उचलू नका, उचलून उपयोग नसतो. एवढं झाल्यावर तो किंमत सांगे. किंमत ऐकायला थांबलेलं गिऱ्हाईक मुळ्यांनी क्वचितच पाहिलं.

दुसरी नोकर जनी. तळेकोंड गावची, बारावी झालेली, शहरात मावशीकडे राहणारी. मुलगी चुणचुणीत, पण आत्मारामकाका बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही असं तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. ते सांगणारे स्वतः मुळ्येच, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

गणपती आले आणि गेले. डझनातला एकही फोन हलला नाही. तेव्हा विनीत पुन्हा आला. अर्धा तास कोपऱ्यात बसून त्याने आत्मारामची विक्री पाहिली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "सर, तुमच्या स्टाफला भूकच नाहीये." मुळ्ये म्हणाले की दोघंही आत्ताच जेवलेत. मग विनीतने समजावून सांगितलं की ही वेगळी भूक. प्रत्येक फोनमागे विकणाऱ्याला दोनशे रुपये रोख द्यायचे, पगाराबरोबर नाही, त्याच संध्याकाळी, हातात. याला इन्सेंटिव्ह म्हणतात. ते पैसे कंपनी मागाहून भरून देईल. 'मागाहून' हा शब्दही मुंबईत काही निराळ्या अर्थाने वापरतात हे मुळ्यांना पुढे कळलं, पण तो विषय इथे नको.

मुळ्यांना ही कल्पना रुचली नाही. घरच्यासारख्या माणसाला ओवाळणी टाकावी, दिवाळीला कापड द्यावं, पण आत्मारामच्या हातात विक्रीचे दोनशे ठेवायचे म्हणजे सख्ख्या काकांना मजुरी देण्यापैकी झालं. त्यांनी शेट्यांना विचारलं. शेट्ये म्हणाले, दोनशे देऊ नको, एकशे एक दे आणि वर नारळ दे, शकुनाचं होईल. दुपारी चहाला आले तेव्हा म्हणाले की काहीच देऊ नको, नोकराला एकदा चटक लागली की तो उद्या आपल्यालाच आपला माल विकील. आणि दुकान बंद करताना म्हणाले की द्यायचेच असतील तर पाचशे दे, दोनशेत कोण हलतो? मुळ्यांनी तिन्ही सल्ले ऐकून घेतले आणि विनीतचं मान्य केलं. दसऱ्याला फार दिवस उरले नव्हते.

कंपनीने नोकरांचा उत्साह वाढावा म्हणून एक रंगीत फलक पाठवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'फोन विका, रोख घ्या!' तो आत, नोकरांच्या नजरेसमोर लावायचा होता. पण आतल्या भिंतींवर घड्याळं. आत्मारामने जागा शोधली आणि फलक बाहेरच्या काचेवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी मुळ्ये दुकानात आले तो पायरीवर रांग. मुळ्यांना गहिवरून आलं. चाळीस वर्षांत या दुकानासमोर रांग लागली नव्हती. पुढे गेल्यावर कळलं की हे सगळे फोन विकायला आलेत. एकाच्या हातात फुटका मोबाईल, दुसऱ्याच्या हातात बटणं गेलेला, मांडवीच्या एका म्हातारबांनी तर घरातला काळा, जडशीळ, चकतीचा टेलिफोन तारेसकट उपटून आणलेला. सगळ्यांना रोख हवी होती. मुळ्ये समजावून सांगत होते, लोक फलकाकडे बोट दाखवत होते, आणि या गडबडीत म्हातारबा काळा टेलिफोन टेबलावर ठेवून 'चहा घेऊन येतो' म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

तो टेलिफोन निघाला सरकारी. दोन दिवसांनी एका खात्यातले साहेब आले. (खात्याचं नाव मुद्दाम घेत नाही, मुळ्यांना अजून तिथे कामं पडतात.) सरकारी यंत्र खाजगी दुकानात विनापरवाना आढळल्याबद्दल त्यांनी मुळ्यांकडून लेखी खुलासा मागितला, तीन प्रतींत. मुळ्यांनी खुलासा लिहिला. तो नेऊन दिला तर सांगितलं की हा खुलासा झाला, आता यंत्र जमा करण्याचा अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणाले की यंत्र ज्याचं त्यानेच जमा करायचं असतं, तुम्ही कोण? मग यंत्र घरी नेतो, असं मुळ्ये म्हणाले. ते तर विनापरवाना ठरेल, असं साहेब म्हणाले. मुळ्यांच्या घराण्यात कुणी आजवर कचेरीची पायरी चढलं नव्हतं, आणि आता हा माणूस कुशीत काळा टेलिफोन घेऊन तीन टेबलांसमोर उभा राहिला. बघणाऱ्या कारकुनांत त्यांचे दोन वर्गबंधू होते. शेवटी म्हातारबांच्या सूनबाईंनीच तो टेलिफोन शोधत येऊन नेला, वर 'म्हाताऱ्या माणसाला फसवता' असं सुनावूनही गेल्या.

फलक काढला. इन्सेंटिव्ह राहिला. आणि खरा घोळ त्यानेच केला.

झालं असं की आत्मारामने ही योजना फार गांभीर्याने घेतली. गिऱ्हाईक आलं की तो नेहमीप्रमाणे काडी, बॅटरी, पडणं हे सगळं सांगे आणि मग शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणे की आणखी एक, हा तुम्ही घेतलात तर मला दोनशे रुपये मिळतात, तेव्हा माझ्या बोलण्यावर फारसं जाऊ नका.

असं ऐकल्यावर रत्नागिरीचा माणूस काय करील? तो म्हणे, मग तेच दोनशे कमी करा की. आत्माराम म्हणे, मालकांना विचारा. मालक नाही म्हणत आणि गिऱ्हाईक जाई. मुळ्यांना वाटलं, दोनशेने काम होत नाही, त्यांनी तीनशे केले. आत्मारामने इमानदारीने तीनशे सांगितले. पुढच्या आठवड्यात पाचशे केले. एव्हाना गावभर झालं होतं की मुळ्ये दर वाढवतायत. आता घ्यायची इच्छा असलेले चार लोकही थांबले. सकाळी बाजारात मासळीचा भाव विचारावा तसे लोक दारातूनच विचारून जात, "आत्माराम, आज किती झाले?" आणि पाचशे ऐकून म्हणत, "अजून चढेल. थांबू."

मुळ्यांनी एकदा आत्मारामला मागच्या खोलीत नेलं. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्याशी ते चढ्या आवाजात बोलले नव्हते. आताही आवाज चढला नाही, नुसता चिरकला.

"आत्माराम, हे पैशाचं तू गिऱ्हाइकाला कशाला सांगतोस?"

"खोट आधी सांगायची. भाऊंनी शिकवलंनी."

"अरे, ही काय फोनची खोट आहे?"

"फोनची नाही, माझी आहे," आत्माराम म्हणाला. "पाचशे रुपयांसाठी माझी जीभ वळायला लागली, तर ती सांगायला नको? तुम्ही पैसे द्यायचे बंद करा, मी सांगायचं बंद करतो."

मुळ्ये उठून शेट्यांकडे गेले. शेट्यांच्या सल्ल्याने त्यांनी आत्मारामला मागे घड्याळदुरुस्तीला बसवलं आणि पुढे जनीला उभं केलं. पण गिऱ्हाईक आलं की जनीचं सगळं ऐकून घेई आणि विचारी, "आत्माराम कुठाय? खरं तोच सांगतो."

घरी स्वेटर संपला होता आणि कानटोपी सुरू झाली होती. महिला मंडळाच्या बायका अधूनमधून येत आणि सिमल्यात मोजे किती घालावेत यावर बोलत. वासंतीबाई मुळ्यांना काही विचारत नसत. फक्त एका रात्री वाढता वाढता म्हणाल्या की मंडळातल्या अष्टपुत्रेबाई सहलीचे पैसे एक दिवस उशिरा भरले तर चालतील का असं विचारत होत्या, मी म्हटलं आमचं धनत्रयोदशीला नक्की आहे. मुळ्यांनी आमटी आणखी मागून घेतली, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. भीती पैशांची नव्हती. लाख रुपये बुडाले तर ते कसेही करून भरता आले असते, पाच-सहा वर्षांत भरलेही असते. पण या बाईने आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं आणि ते आपण खोक्यात भरून काचेच्या कपाटात ठेवलंय, हे त्यांना झोपू देत नव्हतं.

दसऱ्याला जनी गावी गेली. जाताना तिने एक फोन मागून घेतला, गावात दाखवते म्हणाली. मुळ्यांनी दिला. एवीतेवी कपाटात धूळच खात होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि तिने टेबलावर फोनची पूर्ण किंमत ठेवली. तिच्या मामाने, बाबूने, फोन घेतला होता. बाबू हा वरच्या वाडीचा मानकरी, त्याचा मुलगा लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर कामाला, त्याच्याशी बोलायला हवा होता म्हणे. मुळ्यांनी तिथल्या तिथे पाचशे काढून जनीच्या हातावर ठेवले. त्या संध्याकाळी त्यांनी जिलबी आणली आणि बऱ्याच दिवसांनी पानातलं सगळं संपवलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर दोन जीप येऊन थांबल्या. त्यांतून पांढऱ्या टोप्या उतरायला लागल्या त्या थांबेचनात. जनी पाहून पांढरी पडली आणि हळूच मुळ्यांना म्हणाली, "काका, आमचा गाव आलाय." शेजारी शेट्यांनी आपलं शटर अर्धं खाली ओढलं आणि उरलेल्या अर्ध्यातून बघायला स्टूल घेतलं.

पुढे होते भागोजी, तळेकोंडचे गावकर, म्हणजे मानात पहिले. मागे अकरा वाड्यांचे अकरा मानकरी, आपापल्या क्रमाने. त्यांच्यात बाबू, गावात मानाने तिसरा, खाली मान घालून. मुळ्यांनी खुर्च्या मागवल्या. पण कुणी बसेना, कारण खुर्च्या सहाच होत्या आणि सहा जण बसायचे तर कोणते सहा, हा प्रश्न होता. भागोजी उभ्यानेच बोलले.

"शेट, तुमच्या दुकानानं आमच्या गावाचा मान मोडलाय."

हकिकत अशी होती. तळेकोंडात रेंजची बोंब. साधे फोन देवळापुढच्या सहाणेखाली, म्हणजे जिथे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्याखाली, कसेबसे लागत. पण हा काडीचा फोन तिथेही लागत नव्हता. तो लागे नेमका सहाणेच्या वर, जिथे गावकराची बैठक असते त्या दगडावर. दसऱ्याचं सोनं वाटायला सगळा गाव जमला असताना बाबूला लोट्याला असलेल्या मुलाशी बोलायचं होतं. तो सरळ वर चढला आणि गावकराच्या दगडावर बसून काडीने टोचायला लागला. गावाच्या इतिहासात तिसऱ्या मानाचा माणूस पहिल्या मानाच्या जागेवर बसला नव्हता. सोनं तसंच राहिलं आणि दोन दिवस वाडी वाडीशी बोलत नव्हती.

मुळ्यांनी गल्ला उघडला. तळेकोंडशी आपला काही एक वाद नाही, फोन परत घेतो, पैसे आत्ता देतो, असं ते एका दमात म्हणाले. विकलेला एकुलता एक फोन परत घेताना काय वाटलं असेल ते ज्याने धंदा केलाय त्यालाच कळेल. पण बाबूने मान वर केली.

"घेतलेली वस्तू परत केली तं माझा मान जाईल. मी नाय देत."

मागचे दोघे-तिघे त्याच्या बाजूने कुजबुजले. परत करणं म्हणजे वरच्या वाडीने हार खाणं, ते चालणार नव्हतं. तेवढ्यात भागोजींनी कमरेची गाठ सोडली आणि रुमालात बांधलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"शेट, आमी भांडायला नाय आलो. मान सरळ करायला आलो. पयला फोन माझा. मंग दुसरा दुसऱ्याचा. बाबूनं त्याचा फोन घटकाभर हितं ठेवायचा आन तिसऱ्या नंबरानं उचलायचा. मंग सगळ्यांनी आपापल्या पाळीनं त्या दगडावर बसून बोलायचं. रात्री गावात असंच ठरलाय."

मुळ्यांना आधी नीट समजलंच नाही. मग त्यांनी बघितलं की मागच्या प्रत्येकाच्या हातात रुमाल, पिशवी, कुणाच्या टोपीत घडी. पैसे कुणाला गणपतीला आलेल्या मुंबईकर मुलाने दिलेले, कुणाचे म्हैस विकून आलेले. गावकराकडे फोन आणि आपल्याकडे नाही, असं एका वाडीला चाललं नसतं. मुळ्ये मटकन खुर्चीत बसले आणि लगेच उठले, कारण सगळा गाव उभा होता.

जनीने अकरा फोन टेबलावर मांडले, बाबूचा बारावा. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, असं भागोजी म्हणाले. शेट्यांच्या दुकानातून तांब्याचं ताम्हण आलं. (त्याचे पैसे शेट्यांनी पुढे मागितले.) नारळ ठेवला. पण भागोजी तोंड उघडणार तोच मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि आत्माराम बाहेर आला. एवढी बारा गिऱ्हाइकं समोर उभी असताना खोट न सांगता माल जातोय, हे त्याला मागे बसून ऐकवेना. मुळ्यांनी हात जोडले, डोळ्यांनी विनवलं. उपयोग नव्हता. आत्माराम नारळासमोर उभा राहिला आणि त्याने भागोजींच्या आधी सुरुवात केली.

"या फोनला काडी आहे, ती हरवते."

नारळासमोर उभं राहून कुणी हळू आणि ठाम आवाजात काही सांगू लागलं की तळेकोंडच्या माणसाला एकच उत्तर येतं. बाराच्या बारा जण हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"बॅटरी संध्याकाळपर्यंतच पुरते."

"व्हय म्हाराजा."

"पडला की गेला."

"व्हय म्हाराजा."

"आणि प्रत्येक फोनमागे आम्हा नोकरांना मालक पाचशे रुपये देतात."

इथे 'व्हय म्हाराजा' आलं नाही. बारा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मुळ्यांनी डोळे मिटून घेतले. आता पाचशे कमी करा म्हणणार, मग हजार म्हणणार, मग आपण नाही म्हणणार आणि दोन जीप आल्या तशा निघून जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण कुणीच बोलेना. पहिल्याने घासाघीस केली असती तर अकरा जणांनी ती ऐकली असती. मग कुणी बोलायचं? शेवटी भागोजींनीच नारळाला हात लावला आणि म्हणाले, "मानाच्या वस्तूचा भाव कोण करतो? घालतो आता गाऱ्हाणं."

गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, आणि जनीने एकेका वाडीचं नाव घेऊन फोन हातात द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या नंबराला बाबूने आपलाच फोन पुन्हा घेतला, तेव्हा भागोजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दोन जीप निघून गेल्यावर काचेचं कपाट पार रिकामं होतं. आत्मारामने आतून फडकं आणून ते पुसलं. बक्षिसाचे पैसे घेताना तो थोडा वेळ विचारात पडला, पण खोट सांगणं हेही कामच आहे असं जनीने पटवल्यावर त्याने निम्मे घेतले. मुळ्ये मागच्या खोलीत जाऊन घड्याळांमध्ये थोडा वेळ नुसते बसले. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही, तिथे बघायला कुणी नव्हतं.

धनत्रयोदशीच्या बऱ्याच आधी त्यांनी पैसे वासंतीबाईंच्या हातात ठेवले आणि गाऱ्हाण्यासकट सगळं सांगितलं. त्या हसता हसता खाली बसल्या. आधी सहलीचे पैसे भरून आल्या आणि मग मुळ्यांना घेऊन बँकेत गेल्या. तिथे त्यांनी नवीन ठेवीच्या कागदावर एकच नाव लिहिलं. स्वतःचं.

मुळ्यांना जरा लागलं. दगडी पायऱ्या उतरताना त्यांनी विचारलं, "माझ्यावर विश्वास उरला नाही का?"

"विश्वास आहे हो," वासंतीबाई म्हणाल्या. "पण तुम्ही मागितलेत की मला नाही म्हणता येत नाही. आता बँक म्हणेल."

मार्गशीर्षात त्या सिमल्याहून फोनवर ओरडून सांगत होत्या की बर्फ पडतोय, खरोखरीचा, आणि त्याला वास नसतो. त्याच आठवड्यात विनीत आला. एका फेरीत बारा फोन विकल्याची बातमी पार मुंबईपर्यंत गेली होती. त्याला मुळ्यांचा फोटो हवा होता, विक्रीचं तंत्र लिहून हवं होतं, आणि नव्या मालाच्या निदान दोन पेट्या तरी घ्याच असा आग्रह होता. मुळ्यांनी त्याला चहा पाजला. मग पाय ताणून, खुर्चीच्या पाठीला टेकून, अगदी सावकाश म्हणाले, "घेतल्या असत्या हो. पण पैसे बायकोच्या नावावर आहेत."

हे वाक्य नवऱ्याने खाली मान घालून म्हणायचं असतं असा आपल्याकडे समज आहे. मुळ्यांनी ते विनीतला दोनदा ऐकवलं, आणि तो गेल्यावर पलीकडे जाऊन शेट्यांनाही ऐकवून आले.